टॅपेट-कव्हरांतून होणारी तेलगळती

शेतावर चालणाऱ्या इंजिनाच्या अंगावर तेलाचा एकही ओघळ नाहीं, असें दृश्य आपल्या खेडेगांवांत क्वचितच पाहावयास मिळतें. नवें इंजिन कांहीं वर्षें कोरडें राहतें. पुढें त्याच्या माथ्याकडून काळसर ओल उतरूं लागते, तिच्यावर धूळ बसते, धुळीचा थर जमतो, आणि मालकाला त्या थराची इतकी संवय होते कीं, तो इंजिनाच्या मूळच्या रंगाचाच भाग आहे असें त्यास वाटूं लागतें. 'इंजिन म्हटलें कीं थोडें तेल गळणारच' हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलें आहे व पुष्कळांनीं उच्चारलेंही आहे. प्रस्तुत लेखकानेंही तें अनेक वर्षें उच्चारलें, व त्याची किंमत एका रब्बी हंगामांत दिली. ती हकीकत प्रथम सांगून, या गळतीचा उगम कसा शोधावा व ती घरच्या घरीं कशी बंद करावी, हें येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरांचा, चाळिसाच्या आंतबाहेर अश्वशक्तीचा. तीन वर्षांपूर्वीं हस्ताचा पाऊस मनासारखा झाला, काळ्या रानांत वाफसा आला, आणि शाळूच्या पेरणीस हात घालावा तों इंजिन व गिअर-पेटी यांच्या सांध्याखालीं तेलाचे थेंब पडूं लागले. तालुक्याच्या गांवीं एका गॅरेजमध्यें ट्रॅक्टर दाखविला. तेथील मिस्त्रीनें खालून बोट फिरवून पाहिलें व क्रँकचें मागचें ऑईल-सील गेलें असा निकाल दिला. तें सील बदलावयाचें म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत खोलावा लागतो; पुढचा भाग घोड्यांवर टेकवावयाचा, मागचा ढकलून दूर करावयाचा, क्लच व फ्लायव्हील उतरावयाचें, आणि मग कोठें सीलाचें दर्शन होतें. या खटाटोपांत पांच दिवस गेले. तेवढ्या अवधींत भाड्यानें मिळालेल्या दोन बैलजोड्यांच्या पाभरींवर चार एकर पेरणी उरकली. उरलेल्या तीन एकरांतील ओल खोल गेली. तेथें बीं टाकलें, परंतु उगवण इतकी विरळ झाली कीं, त्या तुकड्यानें कणसें अशीं दिलींच नाहींत, जो काय थोडा कडबा झाला तेवढाच. ट्रॅक्टर घरीं आल्यावर आठव्या दिवशीं त्याच सांध्याखालीं पुन्हां थेंब दिसला.

आमच्या शेजारच्या गांवीं एक वृद्ध मिस्त्री आहेत. विहिरींवरचीं जुनीं ऑईल-इंजिनें दुरुस्त करण्यांत त्यांची हयात गेली. त्यांना बोलावून आणलें. ते खालीं वांकलेसुद्धां नाहींत. "अण्णा, तेल पडतंय तिथं काय बघायचं? निघतंय कुठनं ते बघा," एवढेंच बोलून त्यांनीं रॉकेल, एक जुना ब्रश, चिंध्या व मुलांच्या खडूची भुकटी मागितली. थंड इंजिनावरचा सगळा थर त्यांनीं रॉकेलनें धुऊन काढला, चिंधीनें कोरडा पुसला, आणि माथ्यापासून मागच्या अंगापर्यंत खडूची भुकटी फुंकून घेतली. मग इंजिन सुरू करून वीस मिनिटें चालूं दिलें. चहा होईपर्यंत त्या पांढऱ्या अंगावर टॅपेट-कव्हराच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापासून एक काळी रेघ निघाली. ती हेडच्या पाठीवरून उतरली, ब्लॉकवर आली, आणि गिअर-पेटीच्या सांध्यांत शिरतांना आम्हां सर्वांस स्पष्ट दिसली. आम्हीं बदललेलें सील बहुधा मुळांत निर्दोषच होतें.

तेल उतारानें वाहतें हें कोणासही शिकवावें लागत नाहीं. पण इंजिनावर त्यास आणखी एक वाट मिळते. पुढचा पंखा वारा मागें ढकलतो व त्या वाऱ्याबरोबर तेलाची पातळ ओल मागें पसरत जाते. त्यामुळें थेंब जेथें लोंबतो तेथून गळतीचें मूळ चांगलें हातभर वर व पुढें असूं शकतें. म्हणून ओल्या झालेल्या भागांत सर्वांत उंच व सर्वांत पुढची जी जागा असेल, तीच प्रथम संशयित धरावी. मागच्या सीलावर दोष ठेवण्यापूर्वीं ही परीक्षा प्रत्येकानें करावी. तिला पैसा लागत नाहीं व अर्ध्या तासाहून अधिक वेळही लागत नाहीं. मात्र तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतून तें धुण्याची जी चाल कांहीं ठिकाणीं आहे ती वाईट. त्यानें डिझेल-पंप बिघडण्याचें व गरम ओतीव भागांस तडा जाण्याचें भय असतें.

आतां हें टॅपेट-कव्हर म्हणजे काय तें पाहूं. पुस्तकांत यास रॉकर-कव्हर किंवा व्हॉल्व्ह-कव्हर म्हणतात. सिलिंडर-हेडच्या माथ्यावर लांबट डब्यासारखें जें झांकण असतें तें हें. त्याच्या खालीं झडपांची उघडझांप करणारे रॉकर असतात. ऑईल-पंपाकडून एका बारीक मार्गानें थोडें तेल रॉकरच्या दांड्यांत येतें, तेथून शिंतोड्यांनीं स्प्रिंगा व झडपांच्या काड्या भिजवितें, आणि पुश-रॉडच्या भोंकांतून आपल्या वजनानेंच खालच्या ऑईल-चेंबरांत परत उतरतें. म्हणजे या झांकणाखालीं तेल तुडुंब भरलेलें नसतें, व सुस्थितींतील इंजिनांत त्यास म्हणण्यासारखा दाबही नसतो. केवळ शिंतोडे व वाफा अडविण्याचें हलकें काम त्याच्या पॅकिंगकडे असतें. इतकें हलकें काम ज्यास झेपत नाहीं, तें पॅकिंग एकतर म्हातारें झालेलें असतें, किंवा त्याच्यावर कोणीतरी अन्याय केलेला असतो.

जुन्या वाचकांस विहिरीवरचें संथ चालीचें लिस्टर आठवत असेल. इंग्लंडांतील डर्सली येथील या कंपनीनें १९३० च्या सुमारास काढलेलें हें इंजिन मिनिटास साडेसहाशें फेरे घेत असे, व पुढें राजकोटकडे त्याच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. त्याचे रॉकर उघडेच असत. सकाळीं सुरू करण्यापूर्वीं तेलाच्या बुधलीनें त्यांवर चार थेंब सोडावयाचे, एवढीच त्यांची सेवा. झांकण नव्हतें, म्हणून झांकणाचें पॅकिंगही नव्हतें. धूळ व तेल दोन्हीं उघड्यावर असत, व मालकाचें लक्षही रोज तेथें जात असे. वेगवान इंजिनें आलीं, तेल पंपानें वर चढूं लागलें, माथ्यावर झांकण बसलें, आणि आपलें लक्ष मात्र तेथून उठलें.

पॅकिंग बहुधा कॉर्कचें असतें. कॉर्क ही पोर्तुगाल व स्पेनकडे होणाऱ्या ओक जातीच्या एका वृक्षाची साल होय. ती काढल्यानें वृक्ष मरत नाहीं. पोर्तुगालांत एका झाडाची साल दर नऊ वर्षांनीं काढतात. तिच्यांत हवेनें भरलेल्या असंख्य बंद पेशी असतात. त्यामुळें ती दाबली असतां दबते, रबराप्रमाणें फारशी बाजूस पसरत नाहीं, आणि दाब सुटतांच पुष्कळशी पूर्वस्थितीस येते. ह्याच गुणामुळें पत्र्याच्या किंचित् उंचसखल कडेशींही ती मिळून बसते. इंजिनासाठीं या सालीचा चुरा चिकट द्रव्यानें किंवा रबरानें बांधून त्याचे तक्ते करतात. पण वर्षानुवर्षें उष्णता लागल्यावर कॉर्क सुकतो, आखडतो व कडक होतो. असें पॅकिंग काढतांना भाकरीच्या वाळक्या पापुद्र्यासारखें मोडतें. ही झाली म्हातारपणाची गोष्ट. तींत कोणाचा दोष नाहीं.

अन्याय होतो तो पान्यानें. तेलाची ओल दिसली कीं ड्रायव्हर बोल्ट थोडा आंवळतो. गळती दोन दिवस कमी होते व पुन्हां वाढते. पुन्हां पाना लागतो. आमच्या ट्रॅक्टरच्या बाबतींत हें पाप ड्रायव्हरचें जितकें, तितकेंच माझेंही होतें. कव्हर पातळ पत्र्याचें असल्यास जास्त आंवळल्यानें बोल्टाच्या भोंवतालचा पत्रा खोलगट होतो व दोन बोल्टांमधली कड वर उचलली जाते. तेथें पॅकिंगवर दाबच राहत नाहीं, आणि बोल्टापाशीं तें चिरडून बाहेर येतें. म्हणजे जितकें आंवळावें तितकी फट मोठी. कव्हर ॲल्युमिनियमचें असेल तर तें वांकत नाहीं. तें तडकतें, किंवा हेडमधला आटा तुटतो, व मग दीडशें रुपयांच्या पॅकिंगाचें काम लेथवाल्याकडे जातें. या बोल्टांना लागणारा जोर इतका अल्प आहे कीं सांगितल्यावर पुष्कळांस खरा वाटत नाहीं. नेमका आंकडा आपापल्या इंजिनाच्या पुस्तकांत पाहावा. परंतु लहान बोल्टांस तो साधारणतः १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास पांच किलो वजन टांगलें तर जेवढा पीळ बसेल तेवढाच हा. यास मनगट पुरें. खांदा लावण्याचें कारण नाहीं.

पॅकिंग बदलण्यास आरंभ करण्यापूर्वीं इंजिन पूर्ण थंड असावें, व कव्हराच्या भोंवतालची जागा आधीं स्वच्छ करून घ्यावी. न केल्यास कव्हर उचलतांच बाहेरची वाळू थेट रॉकरांवर पडते. आड येणाऱ्या नळ्या सोडवाव्या व त्यांचीं तोंडें स्वच्छ चिंधीनें बांधावीं. बोल्ट एकदम न काढतां आळीपाळीनें थोडे थोडे सैल करावे. कव्हर चिकटून बसलें असेल तर लांकडी ठोकळ्यानें कडेस हलके टोले द्यावे. सांध्यांत पेचकस घालून उचकटण्याचा मोह फार होतो. पण त्यानें हेडच्या गुळगुळीत बैठकीवर जो ओरखडा उठतो, तो पुढें नव्या पॅकिंगालाही दाद देत नाहीं.

कव्हर निघाल्यावर क्षणभर आंत पाहावें. आंतला भाग काळसर तेलकट असणें स्वाभाविक आहे. तेथें दुधावरच्या सायीसारखा पांढुरका लगदा दिसला तर तेलांत पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा, व तें प्रकरण निराळें समजून जाणत्याकडे जावें. थंडीच्या दिवसांत थोडा वेळच चालविलेल्या इंजिनांत वाफेमुळें असा किंचित् थर कव्हराच्या आंतल्या बाजूस येतो, तेवढ्यानें घाबरूं नये. कव्हर उघडलेंच आहे तर टॅपेटचें अंतरही पुस्तकांत दिल्याप्रमाणें तपासून घ्यावें; त्यासाठीं पुन्हां तेंच पॅकिंग उचलण्याची पाळी येत नाहीं.

पुश-रॉडच्या भोंकांत चिंध्या कोंबून मग जुनें पॅकिंग खरवडावें. किती चिंध्या घातल्या त्या मोजून ठेवाव्या व तितक्याच परत काढाव्या. हें वाचून हंसूं येईल, परंतु विसरलेली एक चिंधी इंजिनाचा घात करण्यास पुरेशी आहे. खरवडण्यास बांबूची धारदार कामटी किंवा बोथट सुरी बरी. जुन्याचा कणही राहूं देऊं नये. शेवटीं दोन्हीं बैठका पेट्रोलच्या बोळ्यानें पुसून कोरड्या कराव्या, आणि त्या वेळीं जवळपास विडी पेटलेली नसावी.

पत्र्याचें कव्हर सरळ करणें हें या सर्व कामाचें मर्म आहे, व नेमकें तेंच बहुतेक ठिकाणीं गाळलें जातें. कव्हर कांचेच्या तुकड्यावर किंवा रंधलेल्या सपाट फळीवर पालथें ठेवावें. कड कोठें उचलली आहे तें उजेडाकडे पाहिल्यानें लगेच कळतें. बोल्टांच्या भोंकांपाशीं खालीं आलेला पत्रा कठीण लांकडावर टेकवून लहान हातोडीनें हळूहळू परत पाठवावा. आमच्या कव्हराचा मागचा कोपरा ज्वारीच्या दाण्याएवढा उचललेला होता. त्या वृद्ध मिस्त्रीनीं तो सरळ करण्यास जवळजवळ तासभर घेतला व तेवढ्या वेळांत ते कोणाशीं बोलले नाहींत. बाकीचें सारें काम अर्ध्या तासाचें होतें.

नवें पॅकिंग पुष्कळदां दुकानांत वर्षभर पडून सुकलेलें असतें व भोंकांशीं जुळत नाहीं. अशा कॉर्कला ओढून ताणूं नये. कोमट पाण्यांत थोडा वेळ भिजवल्यास तो फुगून मूळ मापावर येतो; मग पुसून कोरडा करावा. कॉर्क पॅकिंग कव्हराच्या बाजूस शेलॅकनें चिकटवावें व हेडच्या बाजूस कोरडें ठेवावें. असें केल्यानें पुढच्या वेळीं कव्हर उचलतांना पॅकिंग फाटत नाहीं. ज्या कव्हरांत खांच असून तींत रबराचें पॅकिंग बसतें, तेथें पुस्तकांत सांगितल्याशिवाय कांहीं लावूं नये.

येथें सिलिकॉनविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. नळींतून पिळून लावावयाचें हें द्रव्य आपल्या गॅरेजांत सढळ हातानें वापरलें जातें. पॅकिंगाच्या दोन्हीं बाजूंस जाड रेघ ओढली म्हणजे काम पक्कें झालें अशी समजूत आहे. बाहेर आलेली रेघ आपणांस दिसते व ती पुसली जाते. तितकीच रेघ आंतही आलेली असते, ती कोणास दिसत नाहीं. ती सुकून तिचे तुकडे सुटतात, तेलाबरोबर खालीं उतरतात व पंपाच्या गाळणीवर जाऊन बसतात. माथ्यावरचा थेंब थांबविण्यासाठीं क्रँकच्या बेअरिंगांचें तेल तोडण्याचा हा व्यवहार आहे. जेथें पुस्तक सांगतें तेथें, व सांगतें तेवढाच बारीक थेंब लावावा. पुठ्ठ्याचें पॅकिंग कापून बसविण्याची युक्ति तर अडचणीच्या रात्रीपुरतीच; तें तेल पितें व लवकरच लिबलिबित होतें.

बोल्टांखालचे वॉशर नव्या पॅकिंगाबरोबर अवश्य बदलावे, कारण कित्येकदां गळती सांध्यांतून नसून बोल्टाच्या डोक्याखालूनच असते. बोल्ट प्रथम हातानें लावावे, मग मधल्यापासून आरंभ करून दोन्हीं टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आंवळावे. इंजिन पाव तास चालवावें, थंड होऊं द्यावें, व एकदां हलक्या हातानें पाना लावून पाहावा. त्यानंतर पाना पेटींत ठेवून पेटीस कुलूप लावलें तरी चालेल.

एवढें यथासांग करूनही आमची गळती पुढच्या पावसाळ्यांत परत आली, आणि या वेळीं ती एका कोपऱ्यांतून नव्हे, तर चारी बाजूंनीं. पॅकिंगावर संशय घेण्यापूर्वीं ब्रीदर पाहिला. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायु खालीं निसटतोच. तो बाहेर जावा म्हणून इंजिनास श्वासाची एक नळी ठेवलेली असते, तीच ब्रीदर. आमच्या इंजिनास ही नळी खालीं तोंड करून मोकळी सोडलेली आहे. उन्हाळाभर ट्रॅक्टर छपरांत उभा होता, आणि कुंभारीण माशीनें त्या नळींत चिखलाचें घर बांधून तोंड पार लिंपून टाकलें होतें. इंजिनाचा श्वास कोंडला कीं आंत दाब वाढतो, व तो दाब जेथें सांधा सर्वांत दुर्बळ असेल तेथून, म्हणजे बहुधा टॅपेट-कव्हरांतूनच, तेल बाहेर लोटतो. तारेनें नळी मोकळी केली, रॉकेलनें धुतली, आणि पॅकिंगास हात न लावतां गळती थांबली. ज्यांच्या ब्रीदरमध्यें तारेची जाळी असते त्यांनीं तीही धुवावी. ती तेलानें व धुळीनें माखून बंद होते.

ब्रीदर स्वच्छ असूनही आंत दाब राहत असेल तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. इंजिन मंद चालींत ठेवून तेल घालावयाचें झांकण काढावें. थोडी वाफ हेलकावत बाहेर येणें साहजिक आहे. पण धूर जोरानें भपकारे मारीत येऊं लागला, किंवा नुसतें ठेवलेलें झांकण नाचूं लागलें, तर नवीं पॅकिंगें घालीत बसण्यांत अर्थ नाहीं. अशा इंजिनास मोठ्या दुरुस्तीचीच गरज आहे, व ती हंगाम संपल्यावर पण पुढचा सुरू होण्यापूर्वीं करून घ्यावी.

थेंबभर तेलासाठीं एवढें लिहिण्याचें कारण केवळ तेलाची किंमत नव्हे. पुष्कळ इंजिनांत टॅपेट-कव्हराच्या एका अंगास अगदीं खालीं धुराड्याचा तापलेला मॅनिफोल्ड असतो. त्या बाजूस गळणारें तेल त्यावर पडून जळतें व त्याचा उग्र वास येतो. रस्त्यावर एवढ्यावरच भागतें. परंतु मळणीच्या दिवसांत हाच ट्रॅक्टर दिवसभर खळ्यावर उभा राहून मळणी-यंत्र फिरवितो. हवेंत भुसकट उडत असतें, तें तेलकट अंगावर चिकटतें, आणि शेजारीं वर्षाच्या वैरणीची गंज असते. जळक्या तेलाचा वास आला असतां मळणी थांबवून तो थर आधीं धुवावा. विहिरीच्या कांठावर इंजिन असल्यास त्याच्याखालीं पत्र्याचें पसरट तबक ठेवावें, म्हणजे तेल मुरत मुरत पिण्याच्या पाण्यांत जाणार नाहीं. त्या तबकाचा आणखीही एक उपयोग होतो: रोज किती तेल सांचलें तें दिसतें, व गळती वाढते आहे कीं नाहीं याचा अंदाजपंचे तर्क करावा लागत नाहीं.

आमच्या घरीं आतां ट्रॅक्टरच्या वहींत तेल घातल्याची तारीख, माप व इंजिनाचे तास लिहिले जातात, आणि हस्त लागण्यापूर्वीं खडूच्या भुकटीची परीक्षा एकदां होते. एक नवें पॅकिंग व वॉशरांचा संच घरीं ठेवलेला असतो. तें पॅकिंग खिळ्यास टांगूं नये, तें वांकडें होतें. चुलीजवळच्या फळीवरही ठेवूं नये, सुकतें. दोन पुठ्ठ्यांमध्यें सपाट घालून, कागदांत गुंडाळून, धान्याच्या कोठीसारख्या थंड जागीं ठेवावें.